डम्बार्टनला बांधलेल्या आणि डालाला पुन्हा जोडलेल्या इरावतीच्या आगबोटी

जलपथ

स्कॉटलंडमध्ये लेव्हन ही छोटी नदी क्लाइडला जिथे मिळते, तिथे एका उभ्या कातळाच्या पायथ्याशी डम्बार्टन हे गाव आहे. १८४४ मध्ये डेनी बंधूंनी या गावात जहाजबांधणी सुरू केली आणि पुढे ‘विल्यम डेनी अँड ब्रदर्स’ या नावाने तो कारखाना १९६३ पर्यंत चालला. समुद्रावरच्या जहाजांचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव अपरिचित नसेल. ‘कटी सार्क’ बांधायला घेतलेल्या स्कॉट अँड लिंटन या पेढीचे दिवाळे निघाले, तेव्हा १८६९ मध्ये ते जहाज डेनींनी पुरे केले. ‘किंग एडवर्ड’ हे टर्बाइनवर चालणारे पहिले व्यापारी प्रवासी जहाजही १९०१ मध्ये त्यांच्याच कारखान्यातून पाण्यात उतरले. या धाग्यात मात्र मला त्यांच्या नदीवरच्या बोटींविषयी लिहायचे आहे, कारण ब्रह्मदेशातील इरावतीसाठी या कारखान्याने पाऊणशेहून अधिक वर्षे आगबोटी बांधल्या आणि त्या कामाचा निम्मा भाग डम्बार्टनमध्ये झालाच नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धापासून इरावतीवर सरकारी आगबोटींचा एक लहान ताफा होता. १८६४ मध्ये त्यातील चार आगबोटी आणि तीन फ्लॅट, म्हणजे ओढून न्यायचे सपाट तळाचे पडाव, सरकारने टॉड, फिंडले या व्यापारी पेढीला विकले आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोमध्ये त्यांच्यासाठी एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे ‘इरावती फ्लोटिला कंपनी’ म्हणून प्रसिद्धीला आली. कंपनीची सेवा १८६८ मध्ये मंडालेपर्यंत आणि १८६९ मध्ये चीनच्या सीमेजवळच्या भामोपर्यंत पोहोचली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिच्याकडे लहानमोठी ६०० हून अधिक जलयाने होती आणि वर्षाकाठी सुमारे ९० लाख प्रवासी त्यांतून ये-जा करत होते. तिच्या ताफ्यातील आगबोटींचा फार मोठा वाटा डेनींच्या कारखान्यातून आला.

खरी अडचण त्या बोटी इरावतीपर्यंत नेण्याची होती. नदीची बोट उथळ पाण्यासाठी बांधलेली असते. तिचा तळ सपाट, बांधणी हलकी, कडा पाण्यापासून फार वर नसलेल्या आणि डेकवर उघडे मजले असतात. अशी बोट बिस्केच्या उपसागरातून, भूमध्य समुद्रातून आणि पुढे हिंदी महासागरातून चालवत नेणे म्हणजे जिवावरचे काम होते. काही बोटी बाजूंना फळ्या ठोकून तशा नेण्यात आल्या, परंतु बोट सुट्या भागांत पाठवायची पद्धत अधिक भरवशाची ठरली.

ती पद्धत अशी. डम्बार्टनच्या आवारात बोटीचा सांगाडा उभा करत. त्यावर तळाचे आणि बाजूंचे पत्रे बसवत, परंतु कायमच्या रिबिटांऐवजी, म्हणजे तापवून ठोकायच्या खिळ्यांऐवजी, भोकांत तात्पुरते बोल्ट घालत. अशा रीतीने सगळी बोट एकदा जमिनीवर पूर्ण उभी राहिली, भोकाला भोक जुळते, कडेला कड बसते याची खात्री पटली, की प्रत्येक पत्र्यावर, प्रत्येक बरगडीवर आणि प्रत्येक कोनपट्टीवर खुणेचा आकडा घालत. मग बोल्ट काढून ती सगळी बोट उतरवत. पत्र्यांचे गठ्ठे बांधले जात, इंजिनाचे भाग पेट्यांत भरले जात आणि हा सगळा माल हेंडरसन पेढीच्या जहाजांतून रंगूनला जाई. ती पेढीही या कंपनीच्या भागीदारांपैकी होती आणि तिची अनेक जहाजे डेनींनीच बांधलेली होती.

रंगूनसमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर डाला हे गाव आहे. तिथे कंपनीची गोदी होती. जहाजातून उतरलेले भाग तिथे आकड्यांप्रमाणे मांडून बोट दुसऱ्यांदा उभी केली जाई आणि या वेळी बोल्टांच्या जागी तापवलेल्या रिबिटा ठोकल्या जात. डम्बार्टनमध्ये बोटीचा आकार ठरला, मापे ठरली, भोके पडली, हे सगळे खरे आहे. परंतु पाणी आत शिरू न देणारा सांधा डालाच्या चिखलात, ब्रह्मी, हिंदी आणि चिनी कारागिरांच्या हातून तयार झाला. बोटींच्या याद्यांमध्ये ‘बांधणार : डेनी, डम्बार्टन’ एवढीच नोंद असते. माझ्या मते ती नोंद अपुरी आहे आणि या कारखान्याचा इतिहास लिहायचा तर डालाचे आवार त्याचा भाग म्हणूनच लिहायला हवे. जाणकारांनी या मांडणीवर आपले म्हणणे सविस्तर मांडावे अशी विनंती आहे.

यंत्रशाळा

धागा अतिशय चांगला आहे. नदीच्या बोटीत बांधणाऱ्याची खरी कसोटी कुठे लागते, हे थोडे आकडेमोडीने सांगावेसे वाटते.

या कंपनीच्या सर्वांत मोठ्या आगबोटी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘सियाम’ वर्गातील होत्या. लांबी ३२६ फूट, खोक्याची, म्हणजे बोटीच्या मुख्य सांगाड्याची, रुंदी सुमारे ४६ फूट आणि दोन्ही बाजूंची पॅडल चाके व त्यांवरची आवरणे धरून रुंदी ७६ फुटांच्या घरात. डेकवर ४,२०० उतारू नेण्याचा परवाना असलेली ही बोट होती. आता ३२६ गुणिले ४६ फूट या क्षेत्रफळातून टोकांचा निमुळतेपणा वजा केला, तर गोड्या पाण्यात अशी बोट एक इंच खाली बसण्यासाठी सुमारे ३० टन वजन लागते. म्हणजे कारखान्यातील आरेखकाने सांगाड्यात, डेकच्या तुळयांमध्ये आणि पत्र्यांच्या जाडीत मिळून ३० टन वाचवले, तर बोटीची डूब, म्हणजे पाण्याखाली बुडणारा भाग, एका इंचाने कमी होते. समुद्रावरच्या जहाजाला एका इंचाने काही फरक पडत नाही. इरावतीवर जानेवारी ते एप्रिल या काळात पाणी उतरले, की वाळूच्या दांड्यावरून बोट पार होणार की रुतून बसणार, हे त्या दोन-चार इंचांवर ठरे.

वजन वाचवण्यालाही मर्यादा होती. लांब आणि उथळ खोका मधोमध इंजिन-बॉयलरच्या भाराने खाली वाकू पाहतो आणि वाळूवर टेकला तर टोकांकडून झुकतो. त्यामुळे पत्रा पातळ ठेवायचा, पण लांबीच्या दिशेने ताठपणा टिकवायचा, ही ओढाताण प्रत्येक बोटीच्या नकाशात दिसते. पोलाद स्वस्त झाल्यावर नदीच्या बोटी एवढ्या मोठ्या झाल्या, त्याचे कारण हेच आहे. तेवढ्याच ताकदीसाठी पोलादी पत्रा लोखंडी पत्र्यापेक्षा पातळ चालतो. डेनींचे १८७९ चे ‘रोटोमाहाना’ हे समुद्रगामी जहाजांमध्ये सौम्य पोलादाचे पहिले मानले जाते, आणि त्या अनुभवाचा लाभ त्यांच्या नदीच्या बोटींना मिळाला नसता तरच नवल.

वेगाबद्दलही एक गोष्ट सांगतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. सहा फूट खोलीच्या पाण्यात तो ताशी सुमारे १५ किलोमीटर येतो. बोट त्या वेगाच्या जवळ गेली की पुढे पाण्याचा ढीग साचतो, मागचा भाग खाली बसतो, तळ वाळूला लागण्याची भीती वाढते आणि इंजिनात कितीही वाफ सोडली तरी वेग वाढत नाही. म्हणून समुद्रावर उपयोगी पडणारा जास्त अश्वशक्तीचा उपाय नदीवर चालत नव्हता.

एक प्रश्न आहे. जर जोडणी डालालाच होणार होती, तर पत्रे कापणे आणि भोके पाडणे हे कामही तिथेच का केले नाही? तयार पत्रा पाठवण्याऐवजी कोरा पत्रा पाठवला असता तर एक बोट दोनदा उभी करण्याचा खर्च वाचला असता.

क्लाइडकाठी

मी ग्लासगोजवळ राहते आणि डम्बार्टनला बऱ्याचदा जाणे होते, म्हणून यंत्रशाळा यांच्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देते.

भोक पाडण्याचे काम वरवर सोपे दिसते, पण ते साचेघरावर अवलंबून असते. क्लाइडच्या कारखान्यांत एका मोठ्या लाकडी तक्तपोशीवर बोटीच्या रेषा पूर्ण मापात आखत. त्यावरून लाकडी पट्ट्यांचे साचे करत आणि ते साचे पत्र्यावर ठेवून भोकांच्या जागा उतरवत. हे आखणारे लोक आयुष्यभर तेच काम केलेले असत. पत्रे वाकवण्याचे रूळ, बरगड्या तापवण्याच्या भट्ट्या, भोके पाडणारी यंत्रे असे सगळे एका जागी असल्यावर काम तिथेच करणे स्वस्त पडे. डालाला पुढे मोठी यंत्रशाळा उभी राहिली, पण ती मुख्यतः दुरुस्ती आणि जोडणीसाठी होती.

डेनींच्या आवारातील जी गोष्ट आजही पाहता येते, ती म्हणजे प्रयोगाचा जलकुंड. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी टॉर्की येथे ब्रिटिश नौदलासाठी असा कुंड बांधला होता. त्या धर्तीवर डेनींनी १८८३ मध्ये स्वतःचा कुंड बांधला आणि जगातील कोणत्याही खासगी जहाजबांधणी कारखान्याचा तो पहिलाच. कारखाना गेला, तरी हा कुंड स्कॉटिश सागरी संग्रहालयाकडे आहे. अरुंद इमारतीत सुमारे १०० मीटर लांबीचे काळसर पाणी सरळ पसरलेले आहे, दोन्ही काठांवर रूळ आहेत आणि त्यांवरून एक गाडा चालतो. गाड्याखाली मेणाची प्रतिकृती बांधून ती पाण्यातून ओढत आणि तिला होणारा अवरोध मोजत. प्रतिकृती करण्याची खोली शेजारीच आहे. मातीच्या साच्यात वितळलेले मेण ओतून ओबडधोबड आकार काढत, मग एका यंत्रावर नकाशातील रेषा गिरवता गिरवता पाती ते मेण त्याच वळणांनी कापत आणि शेवटी हाताने खरवडून ते गुळगुळीत करत. काम झाले की ते मेण पुन्हा वितळवून पुढच्या बोटीसाठी वापरत.

याच कारखान्याने १८८० च्या दशकात आरेखनशाळेत नकाशांच्या प्रती उतरवण्यासाठी स्त्रियांना नोकरीवर घेतले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सुट्या भागांत जाणाऱ्या बोटीसाठी नकाशा हाच कारखान्याचा प्रतिनिधी होता. आठ हजार मैलांवर बसलेल्या माणसाला तुमच्या आवारात येऊन विचारता येत नाही, त्यामुळे प्रत्येक रेघ आणि प्रत्येक आकडा बिनचूक असावा लागे.

जलपथ यांनी सांगितलेल्या पद्धतीचे एक उदाहरण खुद्द स्कॉटलंडमध्येही आहे. ‘सर वॉल्टर स्कॉट’ ही लॉक कॅट्रिन सरोवरावरची आगबोट डेनींनी १८९९ मध्ये बांधली. डम्बार्टनला ती बोल्टांनी जोडली, मग उतरवली, तिचे भाग पडावातून लॉक लोमंड या सरोवरावरून वर नेले, पुढे घोडागाड्यांनी डोंगर ओलांडून सरोवराकाठी पोहोचवले आणि तिथे रिबिटा ठोकून ती पाण्यात सोडली. तिचे वाफेचे इंजिन आजही त्या बोटीत आहे. इरावतीच्या बोटींचा प्रवास समजून घ्यायचा असेल, तर याहून जवळचा नमुना सापडणार नाही.

यंत्रशाळा

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. साचेघराचा मुद्दा पटला.

याच अनुषंगाने यॅरो यांचा उल्लेख करायला हवा. लंडनमध्ये पॉपलर येथे त्यांचा कारखाना होता आणि त्यांनी याच प्रश्नाला वेगळे उत्तर शोधले. त्यांनी बोट अशा तुकड्यांत बांधली, की प्रत्येक तुकडा चहूबाजूंनी बंद असल्याने स्वतंत्रपणे पाण्यावर तरंगे. जहाजातून तुकडे थेट नदीत उतरवायचे आणि पाण्यातच एकमेकांना बोल्टांनी जोडायचे, एवढेच काम उरे. काँगो आणि नाईल या नद्यांवर १८८० च्या दशकात अशा बोटी गेल्या. जिथे गोदी नाही, रिबिटा ठोकणारे कारागीर नाहीत, तिथे ही पद्धत उत्तम होती. परंतु तुकड्यांच्या दुहेरी भिंतींचे वजन वाढते आणि आकारालाही मर्यादा येते. ३२६ फुटांची बोट तशी करणे परवडले नसते. म्हणजे ‘सियाम’सारख्या बोटी शक्य झाल्या त्या डालाला कसलेले कारागीर होते म्हणून, आणि इथे जलपथ यांच्या मूळ म्हणण्याला बळकटी मिळते.

रत्नागिरीचा वाचक

चर्चा फार मोलाची चालली आहे, पण एक बाजू अजून आलेली नाही आणि रत्नागिरीच्या माणसाने ती मांडायला हवी.

नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध झाले. जनरल प्रेंडरगास्ट यांची सुमारे १०,००० माणसांची फौज थायेटम्योहून इरावतीवरूनच वर गेली आणि ती वाहून नेणारा ताफा याच कंपनीच्या आगबोटी आणि फ्लॅट यांचा होता. कूच केल्यापासून पंधरवड्यातच फौज मंडालेला पोहोचली, कारण वाफेची बोट प्रवाहाविरुद्ध रोज ठरलेले अंतर कापू शकत होती आणि ब्रह्मी सैन्याकडे तिला अडवण्याचे साधन जवळजवळ नव्हते. २९ नोव्हेंबरला ब्रह्मदेशाचा थिबा राजा आणि राणी सुपयालत यांना राजवाड्यातून नदीकाठी आणून ‘थूरिया’ या कंपनीच्याच आगबोटीवर चढवले. तिथून रंगून, मग मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. भाट्याच्या खाडीवरच्या उंच कड्यावर जो थिबा पॅलेस आहे तो १९१० च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे हद्दपारीची जवळपास पंचवीस वर्षे राजा भाड्याच्या आणि सरकारी बंगल्यांत राहिला आणि स्वतःच्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

आमच्याकडे शाळेच्या सहली त्या वाड्यावर जातात आणि मुलांना राजाची गोष्ट सांगितली जाते. परंतु तो इथे कसा पोहोचला, कोणत्या यंत्रामुळे एवढे मोठे राज्य दोन आठवड्यांत पडले, हे क्वचितच सांगितले जाते. या कारखान्याने बांधलेल्या बोटींचे कौतुक करताना त्या बोटींनी काय केले हेही त्याच वाक्यात यावे असे मला वाटते. कारागिरांच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. प्रश्न मालकांचा आहे.

जलपथ

रत्नागिरीचा वाचक, आपला मुद्दा रास्त आहे आणि मी तो आणखी पुढे नेतो. मालकांविषयी जी माहिती आहे ती आपल्या म्हणण्याला पुष्टी देणारी आहे.

पीटर डेनी हे या कंपनीचे नुसते पुरवठादार नव्हते. १८६५ मध्ये कंपनी निघाली तेव्हापासून त्यांचे भांडवल तिच्यात होते. त्यामुळे बोट बांधणारा आणि बोट विकत घेणारा यांच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसलेला असे. जहाजबांधणीच्या धंद्यात मंदी वारंवार येते आणि त्या काळात आवार रिकामे पडते. ज्याचे भांडवल नदीवरच्या कंपनीत आहे, त्याला मंदीतही पुढच्या बोटीची मागणी मिळण्याची बरीच खात्री असते. उलट कंपनीला भरवशाच्या बोटी मिळतात. वरचा ब्रह्मदेश इंग्रजांच्या हाती आल्यावर व्यापार वाढला, व्यापार वाढल्यावर बोटी वाढल्या आणि बोटी वाढल्यावर डम्बार्टनला काम मिळाले. राज्य खालसा होण्याचा लाभ क्लाइडच्या काठावर वेतनाच्या रूपात पोहोचला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या पद्धतीची दुसरी बाजूही त्याच घराण्याने भोगली. पीटर यांचे पुत्र विल्यम डेनी, ज्यांनी प्रयोगाचा कुंड उभारला आणि ज्यांनी १८८० मध्ये कामगारांनी सुचवलेल्या सुधारणांना रोख बक्षिसे देण्याची योजना सुरू केली, त्यांनी इरावतीचाच नमुना दक्षिण अमेरिकेतील प्लेट नदीवर राबवायचे ठरवले. ‘ला प्लातेन्स फ्लोटिला’ या कंपनीत घराण्याचे भांडवल गुंतले आणि बोटी डम्बार्टनहून गेल्या. पण तिथे इरावतीसारखी मक्तेदारी नव्हती. स्पर्धा तीव्र होती आणि कंपनी तोट्यात रुतत गेली. ती सावरण्यासाठी विल्यम स्वतः तिकडे गेले आणि मार्च १८८७ मध्ये, वयाच्या चाळिशीच्याही आत, त्यांनी ब्युनोस आयर्स येथे आत्महत्या केली. एवढ्या बुद्धिमान, विज्ञानाची आणि कामगारांची खरी कळकळ असलेल्या माणसाचा असा अंत झाला, हे वाचताना मला फार वाईट वाटते. एकाच कारखान्याच्या, एकाच प्रकारच्या बोटी एका नदीवर साम्राज्याच्या छत्राखाली भरभराटीला आल्या आणि दुसऱ्या नदीवर ते छत्र नसल्याने बुडीत गेल्या. या कारखान्याच्या यशात उत्तम बांधणीचा वाटा किती आणि मक्तेदारीचा किती, याचे माप या दोन नद्या शेजारी ठेवल्यावर मिळते.

गोदीकाठ

या चर्चेत मुंबईचा संदर्भ जोडावासा वाटतो.

डेनींच्या पुष्कळ आधी, १८३३ मध्ये, अर्देशिर खरसेटजी वाडिया यांनी माझगावला ‘इंडस’ ही लहान आगबोट पाण्यात सोडली. तिच्यातील इंजिन इंग्लंडमधून आणलेले होते. पुढे १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय, आणि त्याच वर्षी मुंबईच्या सरकारी वाफयंत्रशाळेचे मुख्य अभियंता म्हणून युरोपीय कर्मचारी त्यांच्या हाताखाली काम करू लागले. १८४० च्या आगेमागे सिंधू नदीसाठी विलायतेहून सुट्या भागांत आलेल्या लोखंडी आगबोटी मुंबईत जोडल्या गेल्या. अर्देशिर स्वतः १८६० च्या दशकाच्या आरंभी सिंधूवरच्या फ्लोटिला कंपनीच्या कोटरी येथील कामावर देखरेख करत होते. म्हणजे इरावतीची कंपनी निघण्याच्या वेळी आपल्याकडे सुट्या भागांतून आगबोट उभी करण्याचा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव असलेली माणसे होती.

मग मुंबई नदीच्या आगबोटींचे केंद्र का झाली नाही? एक तर मुंबईच्या गोदीचे बळ सागवानात होते. वाडिया घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या लाकडी जहाजांची होती, आणि लोखंडी पत्रा आपल्याकडे तयार होत नव्हता. टाटांच्या साकची (आजचे जमशेदपूर) येथील कारखान्यात पोलाद निघू लागले ते १९१२ मध्ये, म्हणजे इरावतीची कंपनी निघून पंचेचाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावर. शिवाय सिंधूवर रेल्वे आली आणि तिथली जलवाहतूक मागे पडली. मुंबईच्या मागे मोठी नदीच नाही, त्यामुळे कारागीर असूनही कायमची मागणी नव्हती. जोडणीचे कौशल्य पुरेसे नसते, पत्रा, इंजिन आणि गिऱ्हाईक ही तीनही हाताशी लागतात, आणि डेनींकडे ती तीनही होती.

पडाव

बराच काळ वाचत होतो, आता लिहितो. डालाच्या कारागिरांबरोबर बोट चालवणाऱ्यांनाही या इतिहासात जागा द्यावी.

इरावतीच्या कंपनीच्या बोटींवर खलाशी, सुकाणी आणि सारंग (बोटीचे प्रमुख) यांच्यात चितगावकडच्या लोकांचा भरणा फार मोठा होता. उतरत्या पाण्यात बोटीच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना माणसे लांब बांबू घेऊन उभी राहत, बांबू पाण्यात खुपसून खोली पाहत आणि ती ओरडून सांगत. इरावतीची वाट दर पावसाळ्यानंतर बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचा नकाशा या वर्षी कुचकामी ठरतो. चिंदविनसारख्या अरुंद उपनदीवर बाजूंच्या चाकांऐवजी मागे एकच चाक असलेल्या बोटी नेत, कारण रुंदी परवडत नसे. बांधणाऱ्याला या सूचना मिळत त्या बोट चालवणाऱ्या माणसांच्या अनुभवातूनच. कोणती बोट वळणावर जड जाते, कोणती वाळूवरून मागे घेता येते, हे डम्बार्टनच्या कुंडात कळण्यासारखे नव्हते.

मालवाहू बोटींपैकी काहींवर व्यापारी डेकवरची जागा भाड्याने घेत आणि कापड, भांडी, विलायती माल, मासळी मांडून बसत. बोट काठाला लागली की गाव बाजाराला येई. अशा बोटीच्या डेकची आखणीही वेगळी करावी लागे, कारण तिथे उतारूंपेक्षा दुकाने महत्त्वाची होती.

क्लाइडकाठी

पडाव यांनी सांगितलेल्या त्या चालकांना शेवटी स्वतःच्याच बोटी बुडताना पाहाव्या लागल्या. १९४२ मध्ये जपानी फौजा वर सरकू लागल्या तेव्हा बोटी त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून कंपनीने आपला ताफा आपणच बुडवला. एप्रिलच्या अखेरीस एकट्या मंडालेजवळ शंभराच्या आसपास बोटी तळाला भोके पाडून, गोळ्या झाडून बुडवण्यात आल्या. पाऊणशे वर्षांत उभा राहिलेला ताफा असा काही आठवड्यांत संपला. युद्धानंतर नव्या बोटींच्या मागण्या पुन्हा क्लाइडकडे आल्या, परंतु ब्रह्मदेश जानेवारी १९४८ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी कंपनीचे राष्ट्रीयीकरण होऊन नदीवरची वाहतूक सरकारी मंडळाकडे गेली. डेनींचे हक्काचे गिऱ्हाईक तिथेच सुटले. पुढची पंधरा वर्षे त्यांनी खाडी-समुद्रावरच्या प्रवासी बोटी आणि हॉव्हरक्राफ्टसारखे नवे प्रयोग यांवर काढली आणि १९६३ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले.

जलपथ

सर्वांच्या प्रतिसादांमुळे धागा माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी भरीव झाला. गोदीकाठ यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. मुंबईला नदी नव्हती, पण कलकत्त्याला होती. इंडिया जनरल ही नदीवाहतूक कंपनी १८४४ पासून तिथे काम करत होती आणि ‘रिव्हर्स’ ही दुसरी कंपनी १८६० च्या दशकात आली. या कंपन्यांची कामे होणाऱ्या गार्डन रीचच्या गोदीत विसाव्या शतकापर्यंत विलायती भाग जोडण्याच्या पुढची मजल गाठली गेली आणि ‘मासूद’ व ‘ऑस्ट्रिच’ या पॅडलच्या आगबोटी १९२९ च्या सुमारास तिथेच बांधल्या गेल्या. म्हणजे डालाला जे काम दुसऱ्या टप्प्याचे होते, ते हुगळीच्या काठावर पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचले.

फाळणीनंतर या बोटी पूर्व पाकिस्तानकडे आणि नंतर बांगलादेशाकडे गेल्या. ढाक्याहून बारिसाल आणि खुलना या मार्गावर त्या ‘रॉकेट’ या नावाने अनेक दशके चालल्या. त्यांची वाफेची इंजिने काढून डिझेलची बसवण्यात आली, पण बाजूंची पॅडल चाके, त्यांवरची अर्धगोल आवरणे आणि दुमजली डेक तसाच ठेवला. इरावतीच्या आगबोटी कशा दिसत असतील याची कल्पना करायची असेल, तर या बोटींची छायाचित्रे जरूर पाहावीत. त्यांत पुढच्या डेकवरून वर जाणारा जिना, मधले इंजिनघर आणि चाकांच्या मागेपुढे विभागलेली उतारूंची जागा ही मांडणी ओळखू येते.

यंत्रशाळा

जलपथ, त्या छायाचित्रांत चाकाच्या आवरणाच्या आत जिथे पाती दिसतात, तिथे नीट पाहिले तर प्रत्येक पाते स्वतंत्र सांध्यावर फिरताना दिसेल. चाक फिरताना पाते पाण्यात सरळ उभे शिरावे आणि सरळ उभेच बाहेर निघावे, यासाठी एका बाजूला सरकवलेल्या केंद्रावरून दांडे प्रत्येक पात्याला जोडलेले असतात. त्यामुळे पाणी वर उचलण्यात ताकद वाया जात नाही आणि चाकाचा व्यास लहान ठेवता येतो, म्हणून वजनही घटते. नदीच्या बोटीत या चाकाचे सांधे वाळूने लवकर झिजतात आणि ते सतत बदलावे लागतात. डालाच्या यंत्रशाळेतील दुरुस्तीच्या कामाचा मोठा भाग या सांध्यांच्या खिळ्या आणि पितळी बुशी नव्याने ओतून, कातून बसवण्याचा असणार. गार्डन रीच किंवा डाला येथील यंत्रशाळांची जुनी छायाचित्रे कुणाकडे असतील तर इथे लावावीत, लेथ आणि ओतशाळेच्या मांडणीवरून पुष्कळ काही सांगता येईल.